एकोणतिसावं वळण

ह्यांच्या मेंदूतल्या गाठीने दीड वर्षात सगळं संपवलं. त्यानंतर कॅनडात, वॉटर्लूच्या घरी लोक भेटायला आले, तेव्हा लेकीने बाबांची घाटातली गंमत सांगितली. लोक जरा हसले. मी त्या गाडीत होते. तिची गोष्ट मी अजून दुरुस्त केलेली नाही.

स्लोव्हेनियातल्या त्या घाटाला पन्नास वळणं आहेत. प्रत्येक वळणाला पाटी, तिच्यावर क्रमांक आणि उंची. चोवीस वळणं चढायची, बाकीची पलीकडे उतरायची. भाड्याची गाडी गिअरची होती आणि मी कॅनडात ऑटोमॅटिकवर शिकलेली, त्यामुळे चालवणारे हेच. प्रत्येक आकडा हे मोठ्याने मराठीत वाचत होते, अकरा वर्षांची लेक मागून म्हणत होती. ‘एकोण’ आलं की ती हमखास चुकायची आणि हे तिला चिडवायचे.

माथ्यावर धुकं होतं, उतारावर ते दाटलं. दरीच्या बाजूला कठडा नव्हता, नुसते गुडघाभर उंचीचे दगड.

“सत्तावीस. अठ्ठावीस.” पुढची पाटी आली. “एकोणचाळीस.”

“बाबा, दॅट्स माय मिस्टेक!”

“मीही तुझ्याच वर्गात नाव घातलंय,” हे म्हणाले.

तिसाव्या पाटीशी ह्यांनी तोंड उघडलं, मिटलं. मग हलक्या आवाजात पुन्हा, “एकोणचाळीस.”

लेक हसून लोळायची बाकी होती. ह्यांचा उजवा हात गिअरचा दांडा चाचपत होता. दांडा होता तिथेच होता.

“अहो, थांबू या का?”

“इथे कुठे थांबणार?” पाटी नसलेला एक सरळ तुकडा गेला. “आकडे तू म्हण.”

मी म्हणत गेले. एकतीस, बत्तीस. हे वाचायच्या आधीच मी म्हणायची. उंची वाचायला माझी नजर पोचतच नव्हती, ती ह्यांच्या हातांवर होती.

पन्नासावं वळण संपल्यावर नदीकाठी ह्यांनी गाडी बाजूला घेतली. लेक समोरच्या कॅफेत वॉशरूमला पळाली. ह्यांनी स्टिअरिंग सोडलं नाही.

“आकडा दिसत होता गं. शब्दच येत नव्हता.”

मी स्टिअरिंगवरच्या ह्यांच्या हातावर हात ठेवला.

“हिला सांगू नकोस.”

लेक परत येत होती. येता येताच ओरडत होती, “एकोणचाळीस, बाबा, एकोणचाळीस!” ह्यांनी काच खाली केली आणि तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने हसले.