झटका मशीन, रानडुक्कर आणि सरांचे पाच वॅट

दर रविवारी दुपारी साडेचारला आमचे सर ऑस्ट्रेलियातून मला रेडिओवर हाक मारायचे आणि दर रविवारी नागपुरात माझी ती हुकायची. हौशी रेडिओ मला त्यांनीच शिकवला. आता त्यांचे कान पार गेले होते, म्हणून ते बोलण्याऐवजी टाइप करायचे. अक्षरं हवेतून इकडे येऊन लॅपटॉपवर उमटायची. फोन नाही, ईमेल नाही. म्हणे, हवेतून बोलशील तरच बोल! त्यांचा सेट जेमतेम पाच वॅटचा आणि माझ्या शेजारी ट्यूबलाइटी, इन्व्हर्टर, मिक्सर यांची खरखर. सर कुठले उमटायला? त्यात त्यांच्या मुलाचा निरोप आला: नव्या फ्लॅटवर अँटेनाची तार बांधू देत नाहीत, येता रविवार शेवटचा.

बस्स, ठरलं. बोरी अरबला आमच्याच छंदातले सलीमभाई आहेत, शेतपंपांच्या जळक्या मोटारी भरून देणारे मेकॅनिक. त्यांच्याकडे जायचं.

नागपूरहून यवतमाळची एसटी, तिथून दारव्ह्याची, वाटेत बोरी अरब. जाणार असाल तर अँटेनाची तार पिशवीत लपवा. कंडक्टरनं माझ्या वेटोळ्याचं अर्धं तिकीट फाडलं. यवतमाळच्या स्टँडवर आलूबोंडा-तर्री जरूर खा, फक्त पांढरा शर्ट घालून खाऊ नका. माझा डाग अजून निघाला नाही.

सलीमभाईंनी गजाननभाऊंच्या शेतात जागा हेरली होती. चोहीकडे पऱ्हाटी म्हणजे कपाशी, मध्ये तुरीच्या ओळी, विजेचे खांब लांब. कुंपणाचे बांबू आयते उभे दिसले, म्हणून मी मोठ्या हुशारीनं तार त्यांच्यावरूनच ताणली. सेट लावला. टक्! टक्! टक्! दर सेकंदाला एक, आणि पडद्यावर अक्षरांचा नुसता चिवडा.

मी आवाज वाढवला. सलीमभाईंनी तो खाली आणला.

"कायले वाढवता? संग गोंगाट बी वाढते ना. फिल्टर बारीक करा, चार्जर काढा, बॅटरीवर चालवा."

सगळं केलं. खरखर गेली, टक्‌टक् तशीच. मग सलीमभाईंनी एकदम कपाळावर हात मारला. "या अल्ला! हे तं माह्यंच मशीन हाये!"

डुकरं येऊ नयेत म्हणून कुंपणाला झटका देणारं ते मशीन त्यांनीच बसवलेलं आणि मी माझी तार बरोब्बर त्याच्या डोक्यावर बांधलेली! ती सोडून लांबच्या कडुलिंबावर नेली. टक्‌टक् कमी झाली, पण सरांचा सिग्नल एवढा बारीक, की मशीन बंद केल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

गजाननभाऊ भडकलेच. "अर्धी पऱ्हाटी अळीनं खाल्ली. उरलेली डुकरांले देऊ काय?"

मी सरांचं सगळं सांगितलं. ते जरा विरघळले. "आयकू येत नाही अन् रेडिओ चालवते म्हातारा? करतो बंद. पन पाच वाजेपर्यंत तुमीच डबा घेऊन राखण करा."

साडेचारला मशीन थांबलं. पडद्यावर सरांच्या सिग्नलची पिवळी, केसाएवढी रेघ दिसली आणि रोमन अक्षरांत मराठी उमटायला लागलं: "ऐकू येतंय का रे गाढवा?"

"येतंय सर, स्वच्छ येतंय," एवढं टाइप करून पाठवलं, तोच शेताच्या कडेच्या धुऱ्यावरून गजाननभाऊंची आरोळी आली, "साहेब, डुक्कर!"

शब्द दिला होता. डबा बडवत पळालो, माझ्यामागे सलीमभाई. तुरीतून डुक्कर असं अंगावर आलं, की मी जवळच्या झाडावर चढलो. ती बाभूळ होती, हे वर गेल्यावर कळलं.

उतरून आलो तर पाच वाजून गेलेले, मशीन पुन्हा सुरू, पडद्यावर पुन्हा चिवडा. माझं उत्तर सरांना पोचलं की नाही, कोण सांगणार?

"पोचलं असंन," माझ्या पाठीतले काटे उपटत सलीमभाई म्हणाले. परतताना यवतमाळच्या स्टँडवर मी तर्रीसुद्धा खाल्ली नाही, म्हणजे बघा.

घरी बायकोनं उरलेले काटे काढायला घेतले. मी पालथा पडून लॅपटॉप उघडला. आलेला-गेलेला मजकूर त्यात आपोआप साठतो, हे मी साफ विसरलो होतो. चिवड्याची पानंच्या पानं वर सरकवली. माझ्या उत्तराच्या खाली, मी बाभळीवर असताना आलेली, एक ओळ होती:

"मलाही ऐकू येतंय रे."

"रडून काहून राह्यले?" बायको म्हणाली. "काटा राह्यला का आत?"

"हो," म्हटलं. "राहू दे तो."