लेकीला दिलेली चटई

जळगावच्या चटईच्या कारखान्यात मी बावीस वर्षं मागावर काढली. जुनं प्लास्टिक वितळवून त्याच्या काड्या, काड्यांच्या चटया. संध्याकाळी अंग झटकलं की रंगीत भुकटी पडायची. तेव्हा ती कोणाला घातक वाटली नाही, मलाही नाही. उलट लेकीला धुळ्याला दिली तेव्हा स्वतः विणलेली हिरवी-लाल चटई मोठ्या ऐटीत रुखवतात मांडली.

नातू रांगायला लागल्यावर बघायला गेलो. पोरगं त्याच चटईवर. एका तळहाताला हिरवा चुरा चिकटलेला, दुसरा हात तोंडात. माझं डोकंच फिरलं. तसाच उचलून डॉक्टरांकडे नेला.

डॉक्टर म्हणाले, मोठे तुकडे शौचावाटे निघून जातील. अगदी बारीक कण मात्र अंगात राहू शकतात, आणि ते पुढे काय करतात हे अजून नीट कळलेलं नाही. आता यातून माणसानं काय समजायचं? होईल म्हणा, नाहीतर होणार नाही म्हणा! मी चढ्या आवाजात बोललो, ते बिचारे ऐकून घेत राहिले.

विहीणबाईंचं वेगळंच. "भाऊ, चटई तुम्हीच दिन्ही ना? बठ्ठा गावना पोऱ्या चटईवरच रांगतस. काय व्हस त्याले?"

आपलेच दात, आपलेच ओठ. बाजारातून सुती सतरंजी आणली, अंथरली आणि चटई पोराच्या आसपास दिसता कामा नये असं बजावून परतलो. काढली, असं लेकीनं फोनवर सांगितलं. जरा हायसं वाटलं.

उन्हाळा सरता सरता पुन्हा गेलो. जेवायला विहीणबाईंनी ज्वारीचे बिबडे, आमच्याकडचे वाळवणाचे जाड पापड, भाजले होते. नातू मांडीवर. बिबड्याचा तुकडा वरणात भिजवून मी त्याला भरवला. पठ्ठ्यानं मिटक्या मारत खाल्ला. आणखी एक दिला. मग सहज विचारलं, "चटई फेकली ना?"

"फेकी नही, भाऊ. गच्चीवर टाकी शे. यंदाना बिबडा बठ्ठा तिन्हावरच सुकनात."

उन्हात पडलेली चटई कशी भुरभुरते, हे मला कोणी शिकवायला नको. ओला बिबडा वाळताना खालचं सगळं धरून उठतो, हेही नको. चिडायचं तरी कोणावर? पोराच्या तोंडात बोट घालून मी तुकडा शोधू लागलो. त्यानं तो केव्हाच गिळला होता, आणि आणखी पाहिजे म्हणून माझ्या ताटाकडे हात करत होता.