दोन सेंटिमीटर कमी

तळेगाव दाभाड्याच्या एका कारखान्यात त्र्यंबक पटवर्धनांनी एकतीस वर्षं यंत्रांचे आराखडे काढले. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हौसेसाठी एकच आराखडा हाती घेतला, आणि त्याने त्यांना रडकुंडीला आणलं.

करायचं होतं तसं इवलंसंच. चार फूट लांब, फूटभर रुंद फळीवर मालगाड्यांचं छोटं यार्ड. गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे दोन सांधे, तीन फाटे, वीतभर इंजिन आणि पाच वाघिणी. इंजिनाने वाघिणी पुढेमागे ढकलून सांगितलेल्या क्रमाने लावायच्या, एवढाच खेळ. लोणावळ्यात अशा छांदिष्टांचा मेळावा होता. तिथे लोकलने न्यायचं, म्हणून फळी मधोमध दुमडून हातात धरता यायला हवी होती. त्यांच्या पत्नी रजनीताईंची अट निराळीच होती. "जेवायच्या वेळी टेबल मोकळं पाहिजे."

अडलं ते डावीकडच्या टोकाला. तिथल्या आंधळ्या, म्हणजे पुढे वाट नसलेल्या, रुळावर इंजिन आणि दोन वाघिणी उभ्या राहिल्या, की मागची वाघीण दोन सेंटिमीटर सांध्यावरच राही. मग सांधा बदलताच येईना. सांधा उजवीकडे सरकवला, तर तो नेमका बिजागरीवर आला. आणखी पुढे नेला, तर तिसऱ्या फाट्यावर जेमतेम एक वाघीण मावायला लागली. फळीच वाढवावी, तर रजनीताईंनी मापाची कॅनव्हासची पिशवी शिवून ठेवली होती.

"जरा उसवतेस का?"

"अजिबात नाही. मोजमाप तुम्हीच दिलं होतंत."

दोन महिन्यांत चौदा आराखडे झाले. पेन्सिल आपटणं, खोडरबर शोधणं आणि "कोणी हलवलं इथलं?" असं ओरडणं रोजचंच झालं. शेवटी वैतागून रजनीताईंनी रखमाजी गराड्यांना घरात बोलावलं. बेगडेवाडीकडचे रखमाजी त्यांना शेतातली भाजी आणून देत. त्याआधी त्यांनी रेल्वेत उभा जन्म वाघिणी जोडण्या-सोडण्यात घालवला होता.

रखमाजींनी टेबलावर मांडलेल्या फळीभोवती एक फेरी मारली. "झ्याक हाय की. मग घोडं कुटं अडलं?"

त्र्यंबकरावांनी चौदाही कागद पसरून दोन सेंटिमीटरची सगळी कहाणी सांगितली. रखमाजींनी कागदांकडे पाहिलंसुद्धा नाही.

"दोन वाघिणी न्हाई मावत, तर येकच न्यायची. सोडायची, माघारी यायचं, दुसरी न्यायची."

"अहो भाऊ, पण मग दुप्पट फेऱ्या होतील!"

"व्हय. त्यालाच शंटिंग म्हंत्यात. आमच्या यार्डात रूळ टाकताना आमाला कुनी इचारलंतं? जागा लय असती, तर आमची गरजच काय व्हती?"

इतके दिवस आपण नेमकी अडचणच खोडायला बसलो होतो, हे कळल्याचा त्र्यंबकरावांना आनंद झाला नाही, उलट भयंकर राग आला. तो दिवसभर टिकला. दुसऱ्या दिवशी त्यांनी चौदांतला पहिलाच आराखडा पुन्हा बाहेर काढला आणि रूळ ठोकायला घेतले.

मेळाव्याला ते रखमाजींना सोबत घेऊन गेले. तिथे इंजिन चालवायचं बटण त्यांच्या हातात देऊ लागले, तर रखमाजी मागे सरले. "इंजिन कंदी चालवलं न्हाई. तुमी चालवा, मी खाली हाय." आणि टेबलाशेजारी उभं राहून ते हाताने इशारे करू लागले, कुठली वाघीण घ्यायची, कुठे सोडायची. हळू. आणखी हळू. थांब. त्र्यंबकरावांना थांबायला उशीर झाला, इंजिन वाघिणीवर आदळलं, दोन चाकं रुळावरून खाली.

"हात दिसतुय न्हवं? मंग बघा की हाताकडं!" रखमाजी एवढ्याने कडाडले, की शेजारची टेबलंही वळून बघू लागली. बघे जमले. त्र्यंबकरावांचे कान लाल झाले, पण त्यानंतर त्यांनी त्या हातावरची नजर हलवली नाही.

पाचही वाघिणी क्रमाने लागल्या. घरी त्र्यंबकरावांना याला एकोणीस फेऱ्या लागत. या खेपेला तेरा झाल्या.

"सहा कुठे वाचल्या?" त्यांनी वहीत लिहीत विचारलं. "भाऊ, पुन्हा एकदा सावकाश करू या. भाऊ?"

रखमाजी केव्हाच चहा प्यायला गेले होते.