सारवणावरचा काळा गोळा

अगं, इकडं ये. पत्र वाचतेस म्हणून काय झालं, जवळ बसून वाच. परवा फोनवर काय म्हणालीस? "बोलिंग खेळायला गेले होते आजी, तुला नाही कळायचं." मला नाही कळायचं? तुझ्या वयाची होते तेव्हा तो गोळा आमच्या अंगणात लोळत होता, बाई!

बाहत्तरचं साल असावं. तुझे आजोबा लढाईत उजव्या मनगटाला मार खाऊन रजेवर घरी आले होते. पंधरा दिवसांनी मेडिकल बोर्डापुढं उभं राहायचं होतं. हात पास झाला तर पलटण, नाही तर कायमचं घर. दिवसभर मुठी आवळत, सोडत बसायचे.

ते ऐकून माझे वडील साताऱ्याहून आष्ट्याला आले. तेही जुने फौजी. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. मांडीवर पोतं, पोत्यात हा गोळा. कंडक्टरनं विचारलं म्हणे, "आवं, कलिंगड का?" आबा म्हणाले, "व्हय, कापून बगा!"

काळाभोर, गुळगुळीत, वर तीन भोकं. सासूबाईंना वाटलं तोफेचाच. पदर तोंडाला लावून त्या चार पावलं मागं सरकल्या. आबांच्या छावणीतला साहेबांचा क्लब मोडला, तेव्हा कुणी न्यायला तयार नव्हतं म्हणून त्यांनी तो उचलला होता. म्हणाले, "जावईबापू, बोटं घाला, सोडा. मनगट आपोआप बोलंल." आबा सांगत होते, क्लबात गोळा सोडायला लाकडी फळ्यांची लांब पट्टी असायची. सुरुवातीच्या भागाला तेल, शेवट कोरडा. तेलावर गोळा नुसता घसरत जायचा आणि कोरड्यावर पोचला की वळायचा. गोळा तोच, हात तोच, आणि चाल निराळी! मी दाराआडून ऐकत होते. अंगावर काटा आला. एवढ्या जड वस्तूला पायाखालचं कळतं?

उसाची दहा कांडी उभी केली. यांनी गोळा सोडला. निम्म्यापर्यंत सरळ गेला, मग डावीकडं कलला आणि तुळशीच्या कट्ट्याला लागला. पुन्हा सोडला, पुन्हा तुळस. हे मग मुद्दाम उजवीकडं नेम धरायला लागले. तरी कांडी सगळी उभीच. तिसऱ्या दिवशी गोळा खाली ठेवून म्हणाले, "मामा, मनगट गेलं. बोर्डापुढं हसं करून घ्यायला मी जात न्हाई." आबा नुसते मिशीवरनं हात फिरवत राहिले.

त्या दुपारी पुरुष माणसं मळ्यात गेल्यावर सासूबाईंनी पदर खोचला. "बगू तरी, काय एवढं अवघड हाय!" दोन्ही हातांनी ढकलला. गोळा गडगडत गेला आणि तुळशीलाच लागला! त्या हसून हसून खाली बसल्या. मी हसले नाही. त्यांच्या मनगटाला तर काही झालं नव्हतं.

मी वाकून जमिनीवरनं तळवा फिरवला. माझंच सारवण. आपण उजव्या हातानं शेण ओढतो ना, अर्धी चंद्रकोर काढत? प्रत्येक कोरीचा बारीक उंचवटा वाळला होता, आणि सगळ्या कोरी तुळशीकडं वळलेल्या. गोळा बिचारा माझ्या हाताच्या वाटेनं चालला होता.

नव्या सुनेनं पुरुषांना काय सांगायचं? पहाटे उठून शेणकाला केला आणि मागं मागं सरकत सरळ लांब पट्टे ओढले. सासूबाई ओरडल्या, "अंगण हाय का गाडीरस्ता गं?" मी म्हटलं, "आत्ती, आजच्या दिवस असू द्या."

उन्हं चढली, अंगण खडखडीत वाळलं. आबांनी यांना आणलं, जवळजवळ ओढूनच. यांनी सवयीनं उजवीकडं नेम धरून सोडला. गोळा कांड्यांच्या उजवीकडनं भिंतीवर आपटला. सगळं उलटंच केलं की काय मी? पण आबा ताडकन उठले. "आवं जावईबापू! नेम धरला तिथंच गेला की!"

हे थांबले. या खेपेला नेम मधोमध. गोळा सरळ निघाला, सरळच गेला. असा, देवापुढची समई जशी वारा नसताना जळते, तसा. सात कांडी पडली. हे वाकले, जमिनीला हात लावून पट्टे चाचपले आणि दाराकडं बघितलं. मी पदर ओढून आत पळाले.

चार दिवसांनी हे बोर्डाला गेले आणि पास होऊन पलटणीत गेले. मी रडले, हेही सांगून टाकते. सरळ पट्टे मीच ओढले होते ना.

आता पुढं फरशी आहे, पण मागचं अंगण मी अजून सारवते. गोळा कोठीत आहे, वरची चकाकी थोडी उडालीय. येत्या सुट्टीत ये बाई, उशीर करू नकोस. तू यायच्या आदल्या दिवशी सारवून ठेवीन. सरळ की कोरीचं, ते मात्र गोळा सोडून तूच सांगायचं.