जीपचे मागचे भाऊजी

"माही चूक? दाखवा न मले!" हे मागच्या भाऊजींचं आवडतं वाक्य. दाखवली तरी ते मानायचे नाहीत हा भाग वेगळा. एकदा आमच्याकडे त्यांनी पोह्यांवर मीठ समजून चांगली मूठभर साखर घातली. मी बघते आहे हे लक्षात येताच म्हणाले, "मी असेच खातो वहिनी. आमच्या इकडे असेच करतेत." त्यांचं 'इकडे' म्हणजे आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. मीही हट्टाला पेटले आणि त्या दिवसापासून त्यांच्यापुढे साखर पेरलेलेच पोहे ठेवू लागले. गृहस्थ वर्षानुवर्षं ते निमूट खात आले, पण चुकलं म्हणून म्हणाले नाहीत.

'मागचे भाऊजी' हे नाव माझ्या सासूबाईंनी पाडलं. आम्ही तेव्हा वणीला होतो. आमचे हे डॉक्टर, आणि भाऊजी यांचे शाळेपासूनचे मित्र. ते एका लाकडाच्या ठेकेदाराकडे जंगलातल्या कामावर देखरेख ठेवायचे. दोघांनाही झरी जामणीकडच्या आडगावांत जावं लागे आणि पावसाळ्यात त्या काळ्या चिखलातून बैलगाडीसुद्धा निघत नसे. सत्तावन्न-अठ्ठावन्नच्या सुमारास दोघे नागपूरला गेले आणि लष्कराने मोडीत काढलेली एक जीप भागीत घेऊन आले. रंग उडालेला, टप फाटलेला. सासूबाईंनी तिला ओवाळलं आणि विचारलं, "यात कोणाचं काय?" भाऊजी म्हणाले, "पुढची डाक्टरची, मागची माही."

ते गमतीने म्हणाले, पण तेच पुढे कायम झालं. या जीपची चारही चाकं ओढणारी; पुढची मात्र चिखलात गरज पडली की दांडा ओढून जोडायची. त्यामुळे पुढच्या दोन चाकांच्या मध्ये एक आणि मागच्या दोन चाकांच्या मध्ये एक असे चाकांना जोर पोचवणारे दोन डिफरन्शियल. लोखंडी भोपळाच म्हणा ना. आत दातेरी चक्रं, ती दाट तेलात बुडलेली, आणि वरून बोल्टांनी आवळलेलं गोल झाकण. पुढच्याचं झाकण समोर तोंड करून, मागच्याचं मागे. पुढचं तेल हे बदलणार, मागचं भाऊजी. एकाने दुसऱ्याच्या झाकणाला हात लावायचा नाही. वणीत मेकॅनिक नव्हता असं नाही, पण या दोघांना आपल्या गाडीला परक्याचा हात लागलेला खपत नसे.

हा सोहळा खांडेनवमीला व्हायचा. घरोघरी हत्यारांची, अवजारांची पूजा, आणि आमच्या अंगणात सकाळपासून त्या तेलाचा गंधकासारखा उग्र वास. हे जीपच्या पुढे गोणपाटावर बसलेले, भाऊजी मागे. दोघांना एकमेकांचं तोंडही दिसायचं नाही, पण बोलणं अखंड चालू. झाकण सैल करून दांड्याने हलकेच ठोकलं की खालच्या कडेने जुनं तेल घमेल्यात पडू लागे. मग झाकणाच्या कडेचं, तेल गळू न देणारं जुनं पॅकिंग खरवडून काढायचं आणि नवं कापायचं. भाऊजी जाड कागद झाकणावर ठेवून कडेकडेने हातोडीने टकटक करत, की कागद आपोआप त्या आकाराचा कापला जाई. मला ते फार आवडायचं. आमच्या लग्नाची उरलेली जाड आमंत्रणपत्रिका त्यांनी त्यासाठी मागून नेली, तेव्हा मात्र मी रागावले. "वहिनी, तुमचं लगन माह्या झाकणात एकदम फिट बसलं," असं वर आणि सांगत होते.

यांचं तेल मधासारखं स्वच्छ निघे, भाऊजींचं काळंकुट्ट. हे चिडवायचे, "बघ, निगा म्हणजे काय असते." त्यावर भाऊजी मागून ओरडायचे, "तुह्यावालं काम काय करते? चिखलात घातली तरच पुढचं चाक जोर लावते. बारा महिने गाडी ओढून राह्यलो मी!" सासूबाई ओसरीवरून हसायच्या.

झाकण आवळून झालं की भाऊजी चुलीतली राख मागून नेत आणि आपल्या झाकणाखाली पसरत. दुसऱ्या दिवशी दसऱ्याचं सोनं द्यायला आले की आधी खाली वाकून राखेवर तेलाचा थेंब पडला आहे का ते पाहत. एवढं स्वतःला न चुकणारा म्हणवणारा माणूस, पण राखेशिवाय स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही. यांना त्याचं हसू येई. यांच्या झाकणाखाली राख कधी पडली नाही.

एका खांडेनवमीला हे बोल्ट आवळत असतानाच राजूरहून माणूस धावत आला. खाणीतल्या कोणाचा तरी हात यंत्रात सापडला होता. हे तसेच हात पुसून दुसऱ्या कोणाच्या गाडीतून गेले. संध्याकाळी दमून परतले, नवं तेल तेवढं ओतलं आणि थेट देवापुढे बसले. जीपला हार घातला, नारळ फोडला, सण झाला.

पुढच्या श्रावणातली गोष्ट. जंगलात लाकडाचा ओंडका घरंगळून जंगू नावाचा एक कोलाम आदिवासी मजूर खाली सापडला. पोरसवदा, नुकतंच लग्न झालेलं. भाऊजींनी त्याला जीपमध्ये घातलं, सोबत त्याचा भाऊ घेतला आणि आमच्याकडे निघाले. वाटेत नाला आहे. त्यात जीप रुतली ती रुतलीच. बैल आणून ती बाहेर काढेपर्यंत जंगू भावाच्या मांडीवरच गेला. दवाखान्याच्या दारात जीप आली तेव्हा यांच्या हाती फक्त डोळे मिटायचं काम उरलं होतं.

हे संतापी नव्हते, पण त्या दिवशी यांचा तोल गेला. सगळ्यांदेखत भाऊजींवर ओरडले, "पुढची चाकं जोडली का नाहीस? नाला दिसत होता ना? मग?"

भाऊजी डोक्यापासून पायापर्यंत चिखलाने माखले होते. त्यांनी जीपकडे पाहिलं, मग यांच्याकडे. आणि म्हणाले, "नाही सुचलं डाक्टर. चुकलं माहं."

मी दारातच उभी होते. हे वाक्य त्या माणसाच्या तोंडून येतंय याचं मला तेव्हा नवल वाटायला हवं होतं. वाटलं नाही. समोर मेलेलं माणूस असताना कोणाला सुचतं! हे म्हणाले, "तुझ्या हाती गाडी द्यायलाच नको होती." जंगूचा भाऊ ते सगळं ऐकत होता. त्यानंतर जंगलातल्या मजुरांनी भाऊजींना रामराम करणं सोडलं, असं कानावर आलं.

यांनी बोलणं टाकलं. जीप आमच्या आवारात उभी राहिली. हे सायकलवर किंवा एसटीने जाऊ लागले, भाऊजी लाकडाच्या ट्रकने. जीपला दोघांपैकी कोणीच हात लावला नाही.

तरी खांडेनवमीला भाऊजी आले. हातात तेलाचा डबा, कागद, पान्हे. माझ्याकडे पाहून म्हणाले, "वहिनी, डाक्टरले सांगा, मी माह्यावालं करून जातो." हे चार हातांच्या अंतरावर उभे होते. मी सांगितलं. हे म्हणाले, "म्हणावं, कर." तसा तो दिवस सुरू झाला. हे पुढे, भाऊजी मागे, आणि मी जीपला वळसे घालत दोघांचे निरोप इकडून तिकडे नेणारी. "त्यांले म्हणा, पान्हा द्या." "त्याला म्हण, तिथेच ठेवलाय." प्रत्येक निरोप पोचवून आले की हे मला विचारत, "काय म्हणाला?" खरं तर यांना सगळं ऐकू येत होतं. मला हसूही येत होतं आणि वाटत होतं, दुपारपर्यंत हे भांडण मिटेल.

मागे भाऊजींच्या घमेल्यात तेल पडू लागल्याचा आवाज आला. पुढे यांनी झाकण सैल केलं, ठोकलं, ओढून काढलं. यांच्या घमेल्यात काहीच पडलं नाही. मी वाकून पाहिलं. आत तेल नव्हतं. दातेरी चक्रांचे दात तुटून, झिजून गेले होते आणि तळाशी लोखंडाचा चुरा साचला होता. खालच्या बाजूचे बोल्ट तर यांनी पान्हा न लावता, बोटांनीच काढले होते. यांचा हात तसाच झाकणावर राहिला.

भाऊजींनी त्या दिवशी नाल्यात पुढची चाकं जोडली होती. ती चाललीच नव्हती. नाल्यातच त्यांना ते कळलं होतं, आणि दवाखान्याच्या दारातही ते त्यांना ठाऊक होतं. यांनी सैल ठेवलेल्या बोल्टांपायी एक माणूस गेला हे यांना कळू नये, म्हणून त्यांनी ती चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. आयुष्यात एकदाच चूक कबूल केली, आणि तीही स्वतःची नव्हती.

मागचा टकटक आवाज थांबला होता. घमेल्यात काही पडलं नाही, हे त्यांनीही ऐकलं असणार. मग भाऊजी म्हणाले, अगदी हळू, "वहिनी, त्यांले म्हणा, माह्याजवळ तेल उरलं हाय. पाह्यजे असन त घ्या."

मी यांच्याकडे आले. "काय म्हणाला?" यांनी विचारलं. मी सांगितलं. यांनी मान हलवली. "नको म्हण." एवढंच. तिथून चार पावलांवर तो माणूस बसला होता. उठून जायला काय झालं होतं? मी यांच्याबरोबर इतकी वर्षं संसार केला, पण या एका गोष्टीसाठी यांच्यावरचा राग माझ्या मनातून गेलेला नाही. यांच्या स्वतःच्या मनातूनही गेला नव्हता, म्हणून मी बोलून दाखवत नसे.

भाऊजींनी झाकण आवळलं, राख मागितली, पसरली. दुसऱ्या दिवशी सोनं द्यायला मात्र आले नाहीत. त्या राखेवर थेंब नव्हता, हे मीच पाहिलं.

त्या थंडीत जंगलातल्या तळावर भाऊजींना ताप भरला. निरोप आला तसे हे मिळेल त्या गाडीने निघाले. पोचले तेव्हा मजूर तिरडी बांधत होते. हे चौथ्या दिवशी घरी आले.

पुन्हा खांडेनवमी आली. सकाळी पाहते तर हे अंगणात गोणपाट टाकून जीपच्या पुढे बसलेले. पुढच्या डिफरन्शियलमध्ये आता काय उरलं होतं? तरी झाकण काढलं, धुतलं, नवं पॅकिंग घातलं, एकेक बोल्ट पान्ह्याने आवळला. खाली राख पसरली. मागे एक दुसरं गोणपाट अंथरलेलं होतं, त्याच्याजवळ कोरं घमेलं. मी पोह्यांची बशी घेऊन आले, तर हे माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला म्हण, पुढचं झाकण मीच सैल ठेवलं होतं."

मी बशी खाली ठेवली. हे थट्टा करत नव्हते. मी पदराला हात पुसले आणि जीपला वळसा घालून मागे गेले. रिकाम्या गोणपाटापुढे उभी राहिले. म्हणाले, "भाऊजी, डॉक्टर म्हणतात, पुढचं झाकण त्यांनीच सैल ठेवलं होतं."

मी तशीच उभी राहिले. जीपच्या पुढून यांचा आवाज आला, "काय म्हणाला?"