कापसाची खोली

कापूस म्हटलं की लोकांना काहीतरी मऊ, पांढरंशुभ्र आठवतं. मला अंगाची खाज आठवते.

ऐंशीच्या दशकात भीमपूरकडच्या आमच्या गावात ज्वारी खाण्यापुरती उरली आणि घराघरात कापूस शिरला. शिरला म्हणजे खराच शिरला. भाव वाढेपर्यंत तो घरातच रचून ठेवायचा, पार आढ्यापर्यंत. त्यातून लाल किडे निघायचे आणि अंथरुणात, पिठात, कधी भाजीतही सापडायचे. आम्ही ते चिरडायचो आणि बोटांचा तो घाण वास घेऊनच जेवायला बसायचो. पण तक्रारीची सोय नव्हती. कापूस विकला की किराणा भरायचा, शिंप्याकडे कापड जायचं, पोरींची लग्नं निघायची. अख्खं गाव त्याच्या तालावर नाचायचं. मला त्याची शिसारी यायची, आजही येते.

एका वर्षी माझी मोठी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. भाऊजी बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत कामाला होते. तिथल्या क्वार्टरात तिला पक्की खोली होती, दारात नळ होता. आमच्याकडे आडोशाची अशी एकच खोली, ती कापसानं गच्च भरलेली.

आई वडिलांना म्हणाली, "खोली खाली करा नं, कापूस गोठ्यात टाका. पोरीले काय ढोराईत ठेवता?"

"गोठ्यात कापसाले डाग लागते, भाव पडते," वडील म्हणाले. "तिले कायचा डाग लागते?"

आईनं अर्धा गोठा सारवला, मध्ये जुन्या लुगड्याचा पडदा बांधला. पलीकडे बैल मुतायचे, अलीकडे बहीण नाकाला पदर लावून बाजेवर पडायची. मी आतल्या आत धुमसत होते, पण वडिलांनी एकदा नाही म्हटलं की पुन्हा ब्र काढायची हिंमत घरात कोणाचीच नव्हती.

दुसरी वेचणी होती त्या दिवशी वडील सकाळीच शेतात गेले, आणि ते गेल्यावर तिला कळा सुरू झाल्या. आमच्याकडे कापसाची गाडी दारात आली की बाया चाकांवर पाणी ओतून "लक्ष्मी आली" म्हणायच्या. मुलगी झाली तरी तेच म्हणायच्या. दुपारी वडील गाडीच्या पुढे चालत घरी पोचले. ओट्यावर टेकतात न टेकतात तोच मागच्या बाजूनं सुईण ओरडली, "लक्ष्मी आली!"

वडिलांनी मानसुद्धा वळवली नाही. "खोली तं भरली," ते म्हणाले. "गोठा सारवेल हाये, तठी टाका."

"तठीच पडली हाये, भाऊ," सुईण म्हणाली.

पडद्याआड बहिणीनं सगळं ऐकलं. बारसं उरकताच ती पोरीला घेऊन बेल्लमपल्लीला निघून गेली. दुसऱ्या खेपेला आईच तिकडे गेली. बहीण काही माहेरी आली नाही.