सहीच्या जागी 'ड्रायव्हर'

चार वर्षं मी अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत माल पोचवला आणि चारही वर्षं तिथल्या चलानवर सहीच्या जागी 'ड्रायव्हर' एवढंच लिहिलं. गेटवर मागच्या गाड्या हॉर्न मारत असायच्या, हे सांगायचं कारण. खरं कारण वेगळं. त्याआधीच्या कामांवर आडनाव लिहिलं की गेटवरचा माणूस एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे बघायचा. ते बघणं माझ्या डोक्यात जायचं. 'ड्रायव्हर' लिहिलं की प्रश्नच मिटायचा.

नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील. ताडपत्रीचा दोर ओढताना मी गाडीवरून पडलो आणि उजवं मनगट मोडलं. गाडीचा मालक, सेठ म्हणाला, आराम कर, गाडी तुझीच आहे. तोवर म्हणून त्याने वांगणीकडच्या पाड्यावरचा एक माणूस गाडीवर बसवला. हात प्लास्टरमध्ये होता तोवर मी घरात टिकलोच नाही. विठ्ठलवाडीच्या चाळीतून निघायचं, गाड्यांच्या अड्ड्यावर जायचं, माझ्या गाडीचे टायर बघायचे आणि त्या माणसाशी एक शब्द न बोलता परत यायचं. बायको म्हणायची, तुम्ही जरा बसा तरी, तुम्हाला बघून मलाच धाप लागते.

प्लास्टर निघालं आणि सेठने ओळखच पुसली. म्हणे मी कधीमधी बदलीवर यायचो. "कागज दिखा, कागज," एवढंच तो म्हणत राहिला.

युनियनचं ऑफिस कॅम्प दोनमध्ये, एका शिलाई कारखान्याच्या वर होतं. मी जुना मेंबर, मोर्च्यात घसा फोडून ओरडलेला. वाटलं, आता हे सेठच्या दारात गाड्या आडव्या लावतील. सेक्रेटरी स्वतः जुने ड्रायव्हर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि माझ्या नावाचा एक तरी कागद मागितला. त्यांचा तो थंडपणा बघून माझं टाळकंच सरकलं.

तरी ते माझ्याबरोबर कंपनीत आले. क्लार्कच्या मागे लागून त्यांनी जुन्या चलानांचे गठ्ठे काढायला लावले. प्रत्येकावर गाडीचा नंबर आणि खाली 'ड्रायव्हर'. अक्षर तरी जुळेल म्हणून त्यांनी मला तिथेच तो शब्द लिहायला सांगितला. मोडून जुळलेल्या मनगटाने तो इतका वाकडा आला की माझा मलाच ओळखू येईना. क्लार्क तोंड फिरवून हसला. मला रडू येत होतं.

त्याच आठवड्यात सेक्रेटरींनी अड्ड्यावर सगळ्यांना गोळा केलं. यापुढे सहीच्या जागी पूर्ण नाव लिहायचं, आडनावासकट. दाखला अर्थात माझा. मी मागे उभा राहून लाजेने घामाघूम झालो. वांगणीचा माणूसही तेव्हा मेंबर झाला होता. तो रोज आपलं लांबलचक नाव लिहू लागला.

माझ्यासाठी लेबर ऑफिसात अर्ज गेले, तारखा पडल्या. महिनोन्‌महिने मी युनियनच्या जिन्यावरून वर-खाली केलं. एक दिवस मला राहवलं नाही. मी सेक्रेटरींना सरळ म्हणालो, त्याला उतरवा, गाडी माझी आहे.

सेक्रेटरी म्हणाले, "आता त्याचं नाव कागदावर आहे. उद्या सेठने त्याला काढलं तर मी त्याच्यासाठी भांडेन. मग तुझ्यासाठी मीच त्याला कसा काढू?"

मी काय नाही ते बोललो त्यांना. बदलापूरच्या एका मालकाकडे त्यांनी माझ्यासाठी बदलीचं काम बघून ठेवलं होतं, तेही मी ऐकून घेतलं नाही.

तेवढ्यात तो वांगणीचा माणूस वर आला. जिन्यातच त्याने सगळं ऐकलं असणार. दारात चपला काढून तो माझ्यासमोर उभा राहिला.

"काका, तुमी सांगा. मी आत्ता उतरतो गाडीवरून."

तो खरंच उतरला असता. सेक्रेटरी माझ्याकडे बघत होते, पण मध्ये पडले नाहीत. मला 'उतर' म्हणायचं होतं. तो शब्द अगदी जिभेवर होता.

मी म्हणालो, "राहू दे."

आणि बदलापूरचा पत्ता मागून घेतला. सगळे म्हणतात, चांगलं केलंस. मला मात्र अजूनही वाटतं, 'उतर' म्हणायला हवं होतं.